टाकीच्या तोंडाशी

सोमवार, ९ तारीख

बाबा,

१. आज सकाळी आठ वाजता सुरक्षा प्रशिक्षण केंद्रात हजर झाले. सहा दिवसांचा कोर्स आहे. तो पूर्ण केल्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नाही.
२. तुकडीत बारा जण. मुली दोन.
३. सकाळी साडेचार मीटर उंचीवरून तलावात उडी. माझा नंबर तिसरा होता.
४. दुपारी उलटा पडलेला तराफा पाण्यात सुलटा करणे. जमलं. उजवा गुडघा खरचटला.
५. संध्याकाळी कंपनीचा अर्ज भरला. चौदा रकाने होते. तेरा भरले.
६. अकरावा रकाना: 'आणीबाणीत कोणाला कळवावे.' तो रिकामा आहे.
७. हे पत्र त्यासाठी.

२८ तारखेला मी पहिल्या जहाजावर रुजू होणार आहे, कनिष्ठ इंजिनिअर म्हणून. अकराव्या रकान्यात जो नंबर लिहू त्यावर कंपनी आधी एकदा फोन करून पाहते. फोन उचलला गेला आणि समोरचा माणूस 'हो, मला कळवा' म्हणाला, तरच नाव नोंदतात. तुम्ही फोन उचलत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही आमच्यापासून वेगळे राहायला लागल्यापासून दुकानातला फोन वाजून वाजून गप्प होतो आणि तुम्ही किल्ली घासत बसता, असं आईला कोणीतरी सांगितलं होतं.

आईचं नाव लिहिता आलं असतं. पण तसा फोन तिला एकदा येऊन गेला आहे, मामा गेला तेव्हा. करणारे तुम्ही होतात. मी चौदा वर्षांची होते, आतल्या खोलीत गणितं सोडवत होते. आई फोन कानाला लावून हळूहळू खाली बसली, एवढं दारातून दिसलं. आपल्या भावाबद्दल तिने जे ऐकलं ते मुलीबद्दल ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये. तसा फोन घेता येईल असा माणूस आपल्यात एकच आहे.

तुमच्या दुकानात शेवटची आले त्याला पाच वर्षं झाली. तेव्हा मी काय बोलले ते आपल्या दोघांना माहीत आहे. ते इथे लिहीत नाही.

रोज थोडं लिहून शनिवारी सगळं एकत्र टाकीन म्हणते. किंवा टाकणार नाही.

उडीबद्दल एक लिहायचं आहे, कारण ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. साडेचार मीटरवरून पाण्याला टेकायला एका सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. फळीच्या टोकाला उभी असताना हे मला पाठ होतं. त्या एका सेकंदात किती मावतं हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. पाय सुटले आणि सगळे आवाज बंद झाले. मग पाण्याने खालून धडक दिली, नाकातोंडात हिरवा अंधार शिरला, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेना. मग लाइफ जॅकेटने मला बुचासारखं वर फेकलं आणि मी श्वास घेतला. चोवीस वर्षं न मोजता घेत आले तोच श्वास. तो मिळतो ही केवढी गोष्ट आहे, बाबा.

आमचे प्रशिक्षक साठीला टेकलेले जुने खलाशी आहेत. आवाज असा की पहिल्याच तासाला तुकडीने त्यांचं नाव भोंगा ठेवलं. एक पोरगा जहाजावर स्वयंपाकी म्हणून जाणार आहे. तो आचारी. त्याला पोहता येत नाही. फळीवरून तो म्हणाला, "सर, माझं काम चुलीपाशी. मला पाण्याशी काय करायचंय?"

भोंगा म्हणाले, "जहाज बुडताना कोण कुठल्या खात्यातला ते विचारत नाही. मार."

आचारी एकवीस मिनिटं फळीवर उभा राहिला. कोणी हसलं नाही. बाविसाव्या मिनिटाला त्याने नाक दाबलं आणि मारली.


मंगळवार, १० तारीख

आज आग.

पेटत्या तेलाच्या कढईत भोंग्यांनी लांब दांड्याच्या पळीने वाटीभर पाणी ओतलं. तेलात पाणी टाकू नये हे घराघरात माहीत असतं. मलाही होतं, सूत्रासकट. पण तेलात पडल्यापडल्या वाटीभर पाण्याची वाफ होते, ती तेल उचलते, आणि दुमजली इमारतीएवढा जाळ उभा राहतो. तो सरळ, सावकाश, जणू हक्काने उभा राहिला. आम्ही बारा जण नकळत चार पावलं मागे सरलो. भोंगा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बघून घ्या. एवढी सुंदर गोष्ट जहाजावर बघायला मिळू नये."

नंतर धुराची खोली. मुखवटा नाही, रांगत जायचं, डावा हात भिंतीवर. जमिनीलगत वीतभर स्वच्छ हवा शिल्लक असते. वर धूर तरंगतो आणि खाली हा पातळ पदर, त्याला गाल लावून माणूस जगतो. मी फरशीचा वास घेत बारा मीटर गेले. बाहेर आल्यावर आभाळाकडे बघितलं तर ते उगाचच फार मोठं वाटलं.

संध्याकाळी सगळे गावात गेले. माझ्या खोलीत राहणारी मुलगी डेकवरची अधिकारी होणार आहे. ती झोपेत सोडून सतत बोलते, म्हणून ती वायरलेस. मी दिसेल ते मोजते म्हणून तिने माझं नाव मीटर ठेवलं. एका मैदानात जत्रेसारखं काही होतं, तिथे तिने मला ओढत आकाशपाळण्यात बसवलं.

वरून बंदराबाहेरचं पाणी दिसतं. नांगर टाकून थांबलेली जहाजं, प्रत्येकावर दोन-तीन पांढरे दिवे. मी मोजली. चौदा भरली.

"यातलं तुझं कुठलं?" वायरलेसने विचारलं.

"माझं अजून आलेलं नाही."

"मग मोजतेस कशाला? दुसऱ्यांची पोरं मोजल्यासारखी."

तेवढ्यात पाळणा वर असताना खालचा जनरेटर बंद पडला. तीनचार सेकंदच. संगीत थांबलं, दिवे गेले, आणि मी अशी दचकले की वायरलेस हसायला लागली. तुम्ही सुट्टीवर घरी आलात की सांगायचात, इंजिन चालू असताना खलाशी ढाराढूर झोपतो, आणि बंद पडलं की ताडकन उठून बसतो. लहानपणी मला ती थाप वाटायची. आज खरं वाटलं. त्या चौदा जहाजांवर प्रत्येकी वीसबावीस माणसं, आणि प्रत्येकाच्या झोपेखाली एक इंजिन. अशा पाण्यावर तुम्ही बावीस वर्षं होतात. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, तिथे कसं वाटतं म्हणून.


बुधवार, ११ तारीख

प्रथमोपचार. रबरी माणसाच्या छातीवर तीस वेळा दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. दाब पाच सेंटिमीटर खोल हवा. मला साडेपाच सेंटिमीटर जमत होते, एकसारखे. वायरलेस मोजतानाही बोलत होती, त्यामुळे तिचे कधी अठ्ठावीस, कधी तेहतीस. आचारी सगळ्यात चांगला. म्हणाला, कणीक मळायची सवय कामाला आली.

संध्याकाळी एका हॉलमध्ये नाच होता. आधी मी कोपऱ्यात बसून सरबत प्यायले. मग नाचले. कसं ते विचारू नका.

परतताना वायरलेसने विचारलं, "तुझे बाबा काय करतात?"

"कुलपं दुरुस्त करतात."

"आणि आधी?"

"आधीही तेच."

हे मी का म्हणाले ते मला माहीत आहे. तुम्हालाही असेल.


गुरुवार, १२ तारीख

आज बंदिस्त जागेत उतरण्याचा सराव होता. पहिला प्रयत्न: नापास. शनिवारी दुसरा आणि शेवटचा. त्यातही नापास झाले तर प्रमाणपत्र नाही, आणि २८ तारीखही नाही.

संध्याकाळी सगळे बाहेर गेले. मी गेले नाही. डोकं दुखत होतं.


शुक्रवार, १३ तारीख

काल दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. डोकं दुखत नव्हतं. आणि मी बाहेर गेले होते. आता क्रमाने लिहिते.

केंद्राच्या मागे एक लोखंडी टाकी आहे. वर माणूस मावेल एवढं गोल तोंड, आत साडेतीन मीटरची शिडी, खाली अंधार. नाटकात सोडतात तसला निरुपद्रवी धूर आत भरलेला. पाठीवर हवेची बाटली आणि तोंडावर मुखवटा लावून दोघं खाली उतरतात. तिसरा माणूस तोंडाशी उभा राहतो. त्याच्याकडे रेडिओ, फळा आणि घड्याळ. त्याचं काम फक्त एवढंच: कोण आत आहे ते लिहायचं, दर दोन मिनिटांनी हाक मारायची, काही बिघडलं तर मदत बोलवायची. स्वतः उतरायचं नाही. काही झालं तरी नाही.

सरावाआधी भोंग्यांनी कारण सांगितलं. ते मला आधीच माहीत होतं. बंद टाकीतला गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. उरलेली हवा दिसायला तशीच, वास नाही, रंग नाही. उतरणारा दोन श्वासांत कोसळतो. वरचा त्याला काढायला धावतो आणि त्याच्यावरच कोसळतो. अशा अपघातांत वाचवायला गेलेल्यांची प्रेतं बऱ्याचदा जास्त असतात. भोंगा एरवी ओरडतात, पण हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

तोंडाशी मी होते. खाली वायरलेस आणि आणखी एक मुलगा. वायरलेस मुखवट्यातूनही रेडिओवर बडबडत होती: इथे पाइप आहे, इथे अजून एक पाइप, मीटर, तुला आवडेल, पाइपच पाइप. मी फळ्यावर वेळ लिहीत होते. सहाव्या मिनिटाला ती अर्ध्या वाक्यात थांबली.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. काहीतरी लोखंडावर आपटल्याचा आवाज आला.

मला सगळं माहीत होतं, बाबा. धूर खोटा आहे, भोंग्यांनी तिला आधीच गुपचूप सांगून ठेवलं असणार की अमुक वेळी पड आणि गप्प राहा, हेही माझ्या लक्षात आलं होतं. तरी ती गप्प झाली, आणि मंगळवारी जनरेटर बंद पडल्यावर दचकले होते तशी मी आतून उठले. घड्याळ बाजूला ठेवलेलं मला आठवतं. शिडीला कधी हात घातला ते आठवत नाही. भोंग्यांच्या नोंदीप्रमाणे तिचा आवाज थांबल्यापासून माझा पाय टाकीच्या तळाला लागेपर्यंत एक्केचाळीस सेकंद. मी मुखवटा लावला नव्हता. रेडिओवर मदतही मागितली नव्हती.

खाली भोंगा अंधारात उभेच होते; वायरलेसबरोबरच्या मुलाला त्यांनी कोपऱ्यात गप्प उभं केलं होतं. त्यांनी माझ्या गळ्यात लाल पट्टी घातली आणि म्हणाले, "तू गेलीस. झोप."

पट्टी मिळालेल्याने सराव संपेपर्यंत पडून राहायचं असतं. मी वायरलेसशेजारी लोखंडावर उताणी पडले. ती माझ्या कानात पुटपुटली, "अगं, तू कशाला आलीस?" मग तीही गप्प झाली, कारण आम्ही दोघी मेलेल्या होतो.

खालून टाकीचं तोंड थाळीएवढं दिसतं. धुरात पांढरा गोल. थोड्या वेळाने त्यात एक डोकं आलं. ते आचाऱ्याचं होतं; तोंडाशी कोणी उरलं नाही तर तू उभा राहा, असं भोंग्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो रेडिओवर मदत मागत होता. त्याला नाटक आहे हे ठाऊक नव्हतं. दोघी खरंच पडल्यात असं त्याला वाटत होतं. तो रडत होता हे खालून कळत होतं, मधूनच नाक ओढत होता. पण उतरला नाही. आणि गेलाही नाही. अकरा मिनिटं ते डोकं त्या गोलात होतं. दर दोन मिनिटांनी आमची नावं घेऊन हाक मारत होतं, जणू आम्ही जवळच कुठे बसलोय आणि त्याला ऐकू येण्याएवढं बोलायला विसरलोय.

आजवर मी नेहमी तुमच्या जागी वर उभं राहून खाली बघत होते, मनातल्या मनात. खालून वर कधी बघितलं नव्हतं.

शास्त्राप्रमाणे मामाला फार तर काही सेकंद मिळाले असतील. त्या सेकंदांत त्याला काय दिसलं ते मला आता माहीत आहे. एक उजेडाचा गोल आणि त्यात तुमचं डोकं.

सराव संपल्यावर भोंग्यांनी मला एकटीलाच थांबवून घेतलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "नियम तोंडपाठ, मार्क सगळ्यांत जास्त. मग उतरलीस का?"

उत्तर मी पाच वर्षांपूर्वी तुमच्या दुकानात देऊन आले होते. मरीन इंजिनिअरिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचा कागद दाखवायला आले होते, आणि दाखवून झाल्यावर म्हणाले, "मी असते तर उतरले असते. तुमच्यासारखी वर उभी राहून बघत बसले नसते." सोमवारी लिहिलं नव्हतं, ते वाक्य हे. ते बोलायच्या आधी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. तो मी विसरलेले नाही. त्याचं उत्तर उद्याच्या सरावानंतर लिहीन.

मी उलट भोंग्यांनाच विचारलं. म्हटलं, समजा एक माणूस तोंडाशी उभा आहे. आत त्याच्या बायकोचा भाऊ. पाना खाली पडला म्हणून हवेतला प्राणवायू मोजणारं मीटर न लावता उतरलाय, दोन मिनिटांचं काम म्हणत. जवळची हवेची बाटली रिकामी निघते, दुसरी जहाजाच्या पार टोकाला. वरचा माणूस उभा राहतो. एकोणीस मिनिटं.

"एकोणीस," भोंगा म्हणाले. ते टाकीच्या तोंडाकडे बघत होते. "मी दीड मिनिटात उतरलो होतो. मी कोसळल्यावर माझ्यामागे आमचा फिटर उतरला. मला दोरीला बांधून त्याने वर पाठवलं." त्यांनी शिडीच्या पायरीवरचा गंज अंगठ्याने खरवडला. "त्याला बांधायला कोणी नव्हतं."

मग त्यांनी विचारलं, "तो एकोणीस मिनिटंवाला आता काय करतो?"

"कुलपं दुरुस्त करतो."

"तुझा कोण लागतो?"

मी सांगितलं. जाताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून निघून गेले. बाहेर ऊन होतं, तरी त्यांनी ती पुन्हा घातलेली मला दिसली नाही.

आता काल संध्याकाळचं. सगळे पुन्हा त्या हॉलमध्ये गेले आणि मीही गेले. आत गेले नाही. हॉलच्या मागे रस्त्यात गटाराचं एक लोखंडी झाकण आहे, टाकीच्या तोंडाएवढंच. मी घड्याळ लावलं आणि त्याच्याशी उभी राहिले. एकोणीस मिनिटं म्हणजे किती ते बघायचं होतं.

पहिली चार मिनिटं काही वाटत नाही. पाचव्याला हातांचं काय करावं ते सुचेना. भिंतीपलीकडे एक गाणं संपलं, दुसरं लागलं. आठव्या मिनिटाला मला वाटलं, घड्याळ बंद पडलंय. नवव्याला मी खाली झुकून झाकणाला हात लावला, वेड्यासारखा. कोणीतरी मागून विचारलं, काही पडलंय का? मी नाही म्हटलं. तिसरं गाणं. बाराव्या मिनिटाला मी भिंत धरली. आणि त्या झाकणाखाली कोणीही नव्हतं, बाबा. कोणीही नव्हतं, तरी असं झालं. चार गाणी पूर्ण झाली आणि पाचव्याचं अर्धं. त्यानंतर मी भिंतीला टेकून खाली बसले.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मी वाचलेला आहे. बावीस पानं. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात सापडला. मामी, शेजारीपाजारी, सगळे फोनवरचं तुमचं एकच वाक्य दहा वर्षं धरून बसले आहेत: 'मी बाहेर उभा होतो.' पण सातव्या पानावर लिहिलंय की दोन खलाशी मुखवट्याशिवाय आत घुसायला बघत होते आणि तोंडाशी असलेल्या माणसाने दोघांनाही अडवलं. झटापटीत त्याचं उजवं मनगट मोडलं. तशाच मनगटाने त्याने तोंड धरून ठेवलं. ते दोघं आज कुठेतरी आहेत. त्यांना पोरंबाळं असतील.

तुम्ही हे आम्हाला कोणाला सांगितलं नाहीत. आणि मी वाचूनही तुम्हाला पत्र लिहिलं नाही. दोन वर्षं. मला माहिती होती, पण मी त्या टाकीत अजून पडले नव्हते. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.


शनिवार, १४ तारीख

सकाळी साडेनऊला पुन्हा सराव. खाली तीच वायरलेस. भोंग्यांनी मुद्दाम तिलाच पाठवलं.

यावेळी ती चौथ्या मिनिटाला थांबली. मी रेडिओवर मदत मागितली, फळ्यावर वेळ लिहिली, आणि तोंडाच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं. घट्ट धरलं की सुटणार नाही, एवढंच ठरवलं होतं. दर दोन मिनिटांनी हाक मारली. तिचं खरं नाव घेऊन मारली. खालून काही येत नव्हतं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एका माणसाच्या गप्प होण्याने एवढी जागा रिकामी होते, आणि तिच्या काठाशी दुसरा माणूस उभा राहू शकतो, या दोन्हींचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

ती गप्प झाल्यापासून सहाव्या मिनिटाला आचारी धावत आला. "सरक, मी काढतो तिला." भोंग्यांनी त्याला शिकवून पाठवलं असेल, पण ढकलत होता खराखुरा. गुरुवारी राहून गेलेलं त्याला आज करायचं होतं. त्याने एक पाय आत टाकलासुद्धा. मी काठावरचा एक हात सोडला आणि कोपराने त्याच्या तोंडावर मारलं. तो मागे बसला. ओठातून रक्त आलं. माझा हात परत काठावर गेला.

त्या शांततेच्या बाराव्या मिनिटाला मुखवटेवाले आले. वायरलेस वर आली आणि मुखवटा काढायच्या आधीच बोलायला लागली. मी पास झाले. आचाऱ्याने सुजलेल्या ओठांनी सगळ्यांना सांगितलं, हिच्याशी कोणी भांडू नका, हिचं कोपर साडेपाच सेंटिमीटर आत जातं. मी हसले. मग तलावाच्या मागे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. ते किती वेळ, मोजलं नाही.

आता तुमचा प्रश्न. पाच वर्षांपूर्वी तुम्ही प्रवेशाचा कागद वाचलात, घडी करून परत दिलात, आणि किल्ली घासता घासता मान वर न करता म्हणालात, "तुला उभं राहता येईल का, एवढंच सांग." मला वाटलं, तुम्ही स्वतःची बाजू मांडताय. म्हणून मी ते वाक्य बोलले. तुम्ही घासायचे थांबलात. हात तसाच राहिला. उजवं मनगट जरा वाकडं आहे हे मी तेव्हा पाहिलं आणि विचारलं नाही.

उत्तर: पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी हो, बारा मिनिटं. एकोणीस मला जमतील की नाही, माहीत नाही. तुम्हाला जमली. ती खऱ्या माणसासाठी होती, आणि तो तुमचा माणूस होता. मी इंजिनं बघितली, आग बघितली, रात्रीच्या पाण्यावरची जहाजं बघितली. याहून मोठं काही बघितलं नाही.

दुकानातलं ते वाक्य मी मागे घेते. आईला सातवं पान काल फोनवर वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, मनगट कुठलं, उजवं का डावं. मी उजवं म्हटलं.

अर्जाचं काम असं आहे. कंपनी सोमवारी, २३ तारखेला, अकराव्या रकान्यातल्या नंबरवर फोन करेल. तो तुमच्या दुकानाचा नंबर असावा अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला नको असेल तर मी रकान्यात दुसरं काही लिहीन आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही. पण कधी खरोखर आणीबाणीचा फोन आला तर तो तुम्हीच घ्यावा. काय झालं हे नीट विचारणारे तुम्ही एकटेच असाल, आणि आईला ते कसं सांगायचं हेही तुम्हालाच कळेल.

पत्राने कळवलंत तरी चालेल. पत्र लिहायचं नसेल तर २२ तारखेला सकाळी दहा वाजता मीच दुकानात फोन करते. रविवारीही तुम्ही दुकान उघडता हे मला माहीत आहे, कारण दोनदा समोरून गेले आहे. लगेच उचलला नाहीत तरी मी ठेवणार नाही. वाजत राहू देईन. मला आता उभं राहता येतं.

तेव्हा नंबर लिहू की नको, हो किंवा नाही, एवढं मला रविवार, २२ तारखेपर्यंत कळवा.

तुमची मुलगी